मुलांसह जर्मनीच्या खेड्यांत: मुक्काम कोठे करावा आणि दिवस कसे आखावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेला सुट्टी लागल्यावर मे महिन्यात आपण पुण्याहून सहा जण, म्हणजे आई-वडील, पाच आणि दहा वर्षांची दोन मुले आणि आजी-आजोबा, बारा दिवसांसाठी जर्मनीत येणार आहात. मोठी शहरे टाळून मुलांना खेडी, गोठे, कुरणे आणि जंगल दाखवावे अशी आपली इच्छा आहे, घरात मांसाहार होत नाही, आणि पाच गावांत प्रत्येकी दोन रात्री राहण्याचा कच्चा आराखडा आपण तयार केला आहे. मी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात अनेक वर्षे राहतो आणि भारतातून येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या अशा सहली आखून देतो. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, या पाच गावांपैकी चार गावे काढून टाकावीत आणि एका शेतकऱ्याच्या घरी किमान आठ रात्री सलग राहावे. शेवटच्या एक-दोन रात्री परतीच्या विमानतळाजवळ काढल्या, तरी चालेल.

याचे कारण मुलांच्या स्वभावात आहे. मे महिन्यात जर्मनीचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी मुले संध्याकाळी सहालाच पेंगू लागतात आणि पहाटे चारला जागी होतात. दुसऱ्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उभी राहून लांबूनच पाहतात. तिसऱ्या दिवशी त्यांना वासरांची नावे पाठ झालेली असतात, शेतकऱ्याच्या मुलांबरोबर शब्दांवाचून खेळ सुरू झालेला असतो, आणि कोंबड्यांची अंडी गोळा करण्याची वेळ कोणती हे त्यांनीच आपल्याला सांगायला सुरुवात केलेली असते. दोन रात्रींच्या आराखड्यात नेमक्या याच सकाळी आपण बॅगा भरत असता. आजी-आजोबांनाही रोज नवा जिना, नवी न्हाणी आणि नवा पलंग नको असतो. शिवाय शेतावरची घरे मुख्यतः आठवड्याच्या मुक्कामासाठीच दिली जातात. शेवटच्या साफसफाईचे शुल्क मुक्काम लहान असो वा मोठा, एकदाच आकारले जाते, त्यामुळे दोन रात्रींचा मुक्काम महागही पडतो.

जर्मनीत शेतावरच्या सुट्टीची ही पद्धत चांगली रुळलेली आहे. शेतकरी कुटुंब आपल्या घराचा एक भाग किंवा आवारातले वेगळे घर पाहुण्यांना देते. त्याला ‘फेरिएनवोनुंग’ म्हणतात. त्यात शयनगृहे, बैठकीची खोली आणि सर्व भांड्यांसह स्वयंपाकघर असते. शाकाहारी कुटुंबासाठी स्वयंपाकघर असणे हीच सर्वांत मोठी सोय आहे.

प्रदेशाची निवड करताना मी आपल्याला मध्य श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधील किन्त्सिग नदीचे खोरे सुचवीन. फ्रांकफुर्ट विमानतळाच्या स्थानकावरून वेगवान गाडीने ओफेनबुर्ग साधारण दीड ते दोन तासांत येते, आणि तेथून प्रादेशिक गाडीने हाउसाख, वोल्फाख, शिल्टाख ही गावे जवळ आहेत. वेगवान गाडीत सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. सहा ते चौदा वर्षांची मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य प्रवास करतात, मात्र तिकीट काढतानाच त्यांची नोंद करावी लागते. आसनांचे आरक्षण वेगळे असते आणि सहा जणांसाठी ते अवश्य करावे. खोऱ्यात पोहोचल्यावर ‘कोनुस’ नावाची व्यवस्था उपयोगी पडते. श्वार्त्सवाल्डमधील शंभराहून अधिक गावांत रात्रीचा मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना घरमालकाकडून एक कार्ड मिळते आणि मुक्काम असेपर्यंत त्या कार्डावर प्रदेशातील बस आणि प्रादेशिक गाड्या विनामूल्य वापरता येतात. तिचा खर्च पाहुण्यांकडून घेतल्या जाणाऱ्या स्थानिक करातून भागवला जातो. प्रत्येक गाव तिच्यात सहभागी नाही, त्यामुळे घर ठरवण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

ज्या रेल्वेमार्गाने आपण रोज ये-जा कराल तोच पाहण्यासारखा आहे. ओफेनबुर्ग ते सिंगेन हा श्वार्त्सवाल्डचा मार्ग रोबेर्ट गेर्विग या अभियंत्याने आखला आणि १८७३ मध्ये तो पूर्ण झाला. त्याच्या दहा वर्षे आधी, १८६३ मध्ये, आपल्याकडे बोरघाटातून गाडी धावू लागली होती. तेथे चढ काढण्यासाठी गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधावे लागले होते. गेर्विगने मार्गाला डोंगराच्या कुशीत मोठी वळणे देऊन तो प्रश्न सोडवला. हॉर्नबेर्ग सोडल्यावर मुलांना खिडकीशी बसवावे आणि बोगदे मोजायला सांगावे. एकूण बोगदे एकोणचाळीस आहेत, आणि काही वेळापूर्वी डाव्या हाताला दिसलेले घर नंतर उजव्या हाताला, बरेच खाली दिसते तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला मार्गाची रचना कोणी न समजावता कळते.

आता दिवसांविषयी. एक दिवस बाहेर आणि एक दिवस शेतावर असा क्रम ठेवावा, आणि बाहेरच्या दिवशीही एकच ठिकाण घ्यावे. पहिले ठिकाण म्हणून गूटाख येथील फोग्ट्सबाउअर्नहोफ या खुल्या संग्रहालयाला मी नेहमी प्राधान्य देतो. तेथील मूळ शेतघर १६१२ मध्ये बांधलेले असून ते आपल्या मूळ जागीच उभे आहे. संग्रहालय १९६४ पासून सुरू आहे आणि प्रदेशाच्या इतर भागांतील जुनी घरे सुटी करून तेथे पुन्हा उभारली आहेत. या घरात जाताना घाई करू नये. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, म्हणजे चुलीच्या वरचे लाकूड काजळीने काळेभोर झालेले दिसते. धुराडे नसल्यामुळे धूर स्वयंपाकघरातून थेट छपरात जात असे. त्या धुरावर वर टांगलेले मांस टिकत असे आणि लाकडाला कीड लागत नसे. खाली माणसे आणि गुरे, वर चारा, आणि सगळ्यांवर एकच प्रचंड उतरते छप्पर, अशी ही रचना आहे. घर डोंगराच्या उतारात बसवलेले असल्याने मागच्या बाजूने चाऱ्याची गाडी थेट माळ्यावर नेता येत असे. मुलांना आधी खालच्या गोठ्यात आणि मग मागून वरच्या माळ्यावर नेले, तर एका घराला जमिनीवरूनच दोन मजल्यांवर दारे कशी, हे त्यांना चालता चालता उमगते. आजी-आजोबांना तेथील एक लहान घर अवश्य दाखवावे. शेत मुलाच्या हाती सोपवल्यावर म्हातारे आई-वडील आवारातील अशा वेगळ्या घरात राहायला जात, आणि त्यांना दरवर्षी किती धान्य, किती लाकूड द्यायचे ते करारात लिहून ठेवलेले असे. माझ्याबरोबर आलेल्या अनेक आजी-आजोबांची या घरापाशी सर्वांत जास्त चर्चा रंगलेली मी पाहिली आहे.

वोल्फाखमध्ये काचेच्या कारखान्यात मुलांना कारागिराच्या देखरेखीखाली स्वतः फुंकून फुलदाणी बनवता येते, आणि त्याच गावाजवळ क्लारा खाणीतील दगडांचा ढीग लोकांसाठी खुला केलेला आहे, जेथे हातोडी आणि संरक्षक चष्मा घेऊन खनिजे शोधता येतात. दहा वर्षांचे मूल तेथे अर्धा दिवस सहज रमते. पाच वर्षांच्या मुलाला तासाभराने कंटाळा येतो, म्हणून एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन गावातील खेळाच्या मैदानावर जावे. ट्रिबेर्गचा धबधबा एकूण १६३ मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने उतरतो आणि त्याच्या कडेने चढण्यासाठी चांगली वाट आहे. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर खालचा टप्पा पाहून परतावे. शिल्टाखचा लाकडी चौकटींच्या घरांचा उतरता चौक संध्याकाळी तासाभरात पाहून होतो. यापेक्षा जास्त काही यादीत घालू नये.

शेतावरच्या दिवसाचा कळस म्हणजे संध्याकाळचे दूध काढणे. श्वार्त्सवाल्डमधील शेते लहान असतात आणि अनेक ठिकाणी आजही फोर्डरवेल्डर नावाच्या, अंगाने आटोपशीर, तांबड्या-पांढऱ्या स्थानिक गायी पाळल्या जातात. पाच-सहाच्या सुमारास यंत्राचा ठोका सुरू झाला की मुलांनी गोठ्याच्या दाराशी जाऊन विचारावे, आणि शेतकऱ्याने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. बहुधा तो मुलांच्या हाती रबरी बोंडी लावलेली दुधाची बादली देतो आणि वासराच्या कुंपणाला ती कशी टेकवून धरायची ते दाखवतो. दूध संपत आले की वासरू बादलीला खालून ढुशी देते, गाईच्या सडाला देते तशीच, आणि सावध नसलेल्या मुलाच्या हातून बादली उडते. म्हणून पाच वर्षांच्या मुलाच्या मागे मोठ्याने उभे राहून बादलीची कड धरावी. दूध पिऊन झालेले वासरू हात चोखू लागते. त्याची जीभ खरखरीत असते आणि मुले आधी दचकतात, मग हात काढायला तयार नसतात. गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणीही काही खाऊ नये, हा नियम मात्र कडक पाळावा, कारण गुरांच्या शेणातून पसरणारे काही जिवाणू लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर गंभीर परिणाम करू शकतात. याच कारणाने शेतावर मिळणारे कच्चे दूध उकळूनच प्यावे. आपल्या घरात दूध तापवण्याची सवय असतेच, ती येथे मोडू नये.

शेतावरचे इतर धोकेही मुलांना पहिल्याच दिवशी, आवारातून फिरवून, प्रत्यक्ष दाखवावेत. कुरणाभोवतीच्या तारेत वीज असते. वासरांसह चरणाऱ्या गायींच्या कळपातून जाऊ नये, त्यातही बरोबर कुत्रा असेल तर मुळीच नाही. शेणमुताच्या टाकीचे झाकण, चाऱ्याच्या माळ्यावरील उघडी भगदाडे आणि चालू ट्रॅक्टर यांच्या आसपास खेळायचे नाही. उघडलेले फाटक आपल्यामागे लावून घ्यायचे. जर्मन शेतकरी मुलांना पुष्कळ मोकळीक देतो, पण हे नियम मोडलेले त्याला खपत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत अधिक काळजी मात्र गोचिडीची घ्यावी. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग (श्वार्त्सवाल्ड याच राज्यात आहे) आणि बायर्न (बव्हेरिया) या दोन्ही राज्यांचा बहुतेक सर्व भाग गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा जोखमीचा प्रदेश मानला जातो, आणि बोरेलियोसिस हा दुसरा आजार तर संपूर्ण जर्मनीत आढळतो. मेंदूज्वरावर लस आहे. तिच्याविषयी निघण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून मुलांच्या डॉक्टरांना विचारावे. बोरेलियोसिसवर लस नाही, त्यामुळे दक्षता हाच उपाय आहे. गोचीड झाडावरून पडते हा समज खरा नाही. ती गवतात आणि झुडपांत बसलेली असते आणि अंगाला घासून चिकटते. उंच गवतात जाताना पूर्ण विजार घालावी आणि तिची टोके मोज्यांत खोचावीत. रोज रात्री अंघोळीच्या वेळी मुलांचे सर्वांग तपासावे: कानांमागे, केसांच्या कडेला, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे आणि बेंबीत. खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लेही चावतात. गोचीड दिसली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढून काढावे. तेल, तूप किंवा डिंक लावू नये. बोरेलियोसिसचे जंतू रक्तात उतरायला बहुधा कित्येक तास लागतात, म्हणून त्याच दिवशी काढलेल्या गोचिडीपासून या आजाराचा धोका कमी असतो. चावल्याच्या तारखेची नोंद ठेवावी, आणि पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला, तर भारतात परतल्यावरही डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून दाखवावे, कारण ही माहिती आपण दिल्याशिवाय त्यांना या आजाराची शंका येण्याचे कारण नसते. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२ आहे. जिवाला धोका नाही पण दवाखाने बंद आहेत, अशा वेळी ११६११७ वर डॉक्टर मिळतात.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही, पण सामान भरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दूध यांपासून बनवलेले पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी हे सर्व घरीच ठेवावे. हंगाम असला तरी हापूसही आणू नये, कारण बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. थालीपिठाची भाजणी, पोहे, मेतकूट, गोडा मसाला, डाळी आणि लहान कुकर आणावा. तुपाच्या जागी ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने कढवलेले लोणी तेथील प्रत्येक मोठ्या दुकानात मिळते आणि त्याची फोडणी उत्तम होते. मात्र फोडणी करताना खिडकी उघडी ठेवावी, कारण शयनगृहांत आणि त्यांना जोडणाऱ्या वाटेत धुराचा इशारा देणारे यंत्र बसवणे सक्तीचे आहे.

मे महिना हा पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम आहे. शेतकरी रस्त्याच्या कडेला ते ताजे विकतात, आणि महिन्याच्या उत्तरार्धात स्ट्रॉबेरी सुरू होतात. काही शेतांत आपण स्वतः तोडून वजनावर घ्यायच्या असतात. अनेक ठिकाणी विक्रीला कोणी बसलेले नसते. फळीवर अंडी, मध, बटाटे, किमतीची पाटी आणि पैसे टाकायची पेटी एवढेच असते. पैसे मोजून पेटीत टाकण्याचे काम मुलांवर सोपवावे. त्यासाठी सुटी नाणी बाळगावीत. गावातील खानावळीत गरम जेवण दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते साधारण आठ-साडेआठपर्यंतच मिळते, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस ती पूर्ण बंद असते. चीज घातलेल्या श्पेट्सले शेवया मुलांना आवडतात, पण त्यांत अंडे असते. अंडे चालत नसेल तर भाजलेले बटाटे, कोशिंबिरी आणि पाव यांवर भागवावे लागते. माउलटाशेन ही दिसायला शाकाहारी वाटणारी भरलेली वडी मांसाची असते, आणि मसुराच्या पदार्थातही बहुधा डुकराचे मांस असते, हे मागवण्यापूर्वी विचारावे. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी दुकाने बंद असतात. मे महिन्यात १ मे आहे, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार बहुधा याच महिन्यात येतो, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा सोमवारही अनेकदा येतो, म्हणून शिधा आदल्या दिवशीच भरून ठेवावा.

हवेविषयी पुण्याच्या उन्हाळ्यातून येणाऱ्यांची हमखास फसगत होते. ११ ते १५ मे या दिवसांना येथील शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात आणि ते उलटेपर्यंत नाजूक रोपे बाहेर लावत नाहीत, कारण त्या सुमारास रात्री दहिवर गोठण्याइतकी थंडी पुन्हा पडू शकते. दुपारी मात्र अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो. म्हणून एक जाड कोट आणण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर आणि पावसाचे जाकीट आणावे. मुलांसाठी रबरी बूट आणि चिखलात घालायची रबरी विजार येथे आल्यावर घ्यावी. जर्मन मुले पावसातही बाहेरच असतात आणि आपली मुले खिडकीतून पाहत बसली, तर त्यांची सहल अर्धी वाया जाते. सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे झोपेच्या खोलीला जाड पडदे किंवा झडपा असणे गरजेचे आहे. रात्री दहानंतर आवारात शांतता पाळायची असते.

मोटारगाडी पूर्ण मुक्कामासाठी घेऊ नये. बारा वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांच्या मापाचे आसन कायद्याने लागते, म्हणजे सहा जणांना मोठी गाडी घ्यावी लागेल. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. घर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा बसच्या मार्गावर असेल तर गाडीवाचून काही अडत नाही.

आपली तारीख ऑगस्टमध्ये गेली तर उत्तरेकडील ल्युनेबुर्गची जांभळ्या फुलांची माळराने, तेथील शिंगांच्या मेंढ्या आणि मोटारींना बंदी असलेले विल्झेडे गाव मी आधी सुचवीन. दिवाळीच्या सुट्टीत मात्र येऊ नये; दिवस लहान झालेले असतात, संग्रहालये बंद होत असतात आणि गुरे आत बांधलेली असतात.

घर जानेवारीतच ठरवावे, कारण पेंटेकॉस्टनंतर बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या शाळांना साधारण दोन आठवडे सुट्टी असते आणि तेथील कुटुंबे ही घरे महिनोन्‌महिने आधी घेऊन ठेवतात. शेतकऱ्याला पहिल्याच पत्रात मुलांची वये, आजी-आजोबांसाठी तळमजल्यावर झोपण्याची सोय आहे का, सध्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत का (काही शेतांवर आता फक्त घोडे किंवा शेळ्या उरल्या आहेत), मुलांना चारा घालू देतात का, स्थानकावरून घ्यायला कोणी येऊ शकेल का आणि कोनुस कार्ड मिळते का, हे सर्व विचारावे. सहाही जणांची पासपोर्टवरील नावे आणि मुक्कामाच्या तारखा असलेले लेखी पत्र त्याच्याकडून मागून घ्यावे, कारण व्हिसाच्या अर्जाला तेच जोडायचे आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पाच वर्षांच्या मुलाला शुल्क नाही, दहा वर्षांच्या मुलाला ४५ आणि मोठ्यांना प्रत्येकी ९० युरो आहे, आणि प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आजी-आजोबांच्या विम्यात आधीपासून असलेल्या आजारांचा समावेश आहे का, ते पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावे.